जलदूतच्या पन्नास वाघिणी आणि दहा गुंठे ऊस

१२ एप्रिल २०१६ च्या पहाटे लातूर स्थानकात दहा वाघिणींची एक मालगाडी येऊन थांबली. एरवी तेल वाहणाऱ्या या टाक्या राजस्थानात कोटा इथल्या रेल्वे कारखान्यात वाफेने धुऊन घेतल्या होत्या. आदल्या दिवशी मिरजेला त्यांत कृष्णेचं पाणी भरलं आणि सुमारे ३४२ किलोमीटर तोडून ते लातूरला आणलं. एकेका वाघिणीत ५० हजार लिटरच्या आसपास, म्हणजे सगळं मिळून ५ लाख लिटर. गाडीला नाव पडलं ‘जलदूत’.

स्पर्धा परीक्षेच्या वह्यांत या सगळ्याची एकच ओळ उरली: जलदूत, मिरज ते लातूर, ५ लाख लिटर. मी शिकवताना ती ओळ फळ्यावर लिहितो आणि तिच्याखाली २०११ च्या जनगणनेतली लातूर शहराची लोकसंख्या लिहितो, ३,८२,९४०. मग म्हणतो, करा भागाकार. थोड्या वेळाने मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतंच, “सर, एवढंच?”

एवढंच. माणशी १.३ लिटर. एक तांब्या भरून थोडं सांडेल इतकं. २० एप्रिलपासून ५० वाघिणींची गाडी सुरू झाली, ती २५ लाख लिटर आणायची. तिचं माणशी पाणी साडेसहा लिटर, म्हणजे अर्धी बादली. शहरी पाणीपुरवठ्याचा नेहमीचा मापदंड माणशी रोज १३५ लिटरचा आहे.

हे प्रकरण अभ्यासाला घ्यायचं कारण हा भागाकार. ‘लातूरला पाऊस पडला नाही म्हणून रेल्वेने पाणी न्यावं लागलं’ हे वाक्य खोटं नाही, पण त्यावर थांबणाऱ्या उत्तराला मी निम्मेही गुण देणार नाही. भूगोलाचा पेपर आणि अर्थव्यवस्थेचा पेपर एकाच धरणाच्या तळाशी भेटतात, ते कसं हे बघू.

गाडी गेली कुठून

नकाशा समोर ठेवा. मिरज, कवठेमहांकाळ, सांगोला, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव (तेव्हाचं उस्मानाबाद), लातूर. महाराष्ट्राची प्राकृतिक रचना शिकवायला याहून चांगला रस्ता मला तरी सापडलेला नाही. गाडी कृष्णेच्या खोऱ्यात भरली जाते. शंभू महादेव डोंगररांग कृष्णा आणि भीमेची खोरी वेगळी करते. ती पूर्वेकडे उतरत जिथे नुसतं माळरान होते, ते माळरान ओलांडून गाडी भीमेकडे येते. पंढरपूरपाशी भीमा, कुर्डुवाडी सोडल्यावर सीना. बार्शीनंतर येडशीच्या बाजूला चढ लागतो, तो बालाघाट. हरिश्चंद्र-बालाघाट रांग गोदावरी आणि भीमेची खोरी वेगळी करते, हे आपण पाठ केलेलं असतं. इथे गाडी ती रांग प्रत्यक्ष चढून तेरणा-मांजरेच्या, पर्यायाने गोदावरीच्या खोऱ्यात उतरते. मुख्य खोरी धरली तर हे कृष्णा खोऱ्यातून गोदावरी खोऱ्यात केलेलं पाण्याचं स्थलांतर आहे, तेही कालव्याशिवाय, रुळांवरून.

रुळांचीही एक गोष्ट आहे. हा मार्ग मुळात बार्शी लाइट रेल्वेचा, ७६२ मिलिमीटरच्या अरुंद मापाचा. १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी तुकडा सुरू झाला, १९११ मध्ये तो लातूरला पोचला आणि १९२७ मध्ये दुसरं टोक मिरजेला भिडलं. कुर्डुवाडी ते लातूर पट्टा २००८ पर्यंत रुंद झाला, पंढरपूर ते मिरज त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत. कोट्याहून आलेल्या वाघिणी १,६७६ मिलिमीटरच्या रुळांवर चालणाऱ्या. हाच दुष्काळ दहा वर्षं आधी पडला असता तर मिरजेचं पाणी या वाटेने लातूरला आलंच नसतं. पायाभूत सुविधांचे लाभ मोजताना अशा गोष्टी कुठल्याच प्रकल्प अहवालात धरलेल्या नसतात.

आता याच रस्त्यावरची एक अडचणीची गोष्ट. सांगोल्याचा सरासरी पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास. लातूरचा साडेसातशे ते आठशे. म्हणजे पाण्याची गाडी लातूरपेक्षा कोरड्या तालुक्यांतून धडधडत लातूरला गेली. ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ एवढं लिहून पेन खाली ठेवणाऱ्याने आधी या कोड्याचं उत्तर द्यावं.

मिरज स्वतः काही फार पावसाचं गाव नाही. पण तिथून वाहणाऱ्या कृष्णेचा उगम महाबळेश्वरचा, जिथे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. कऱ्हाडला तिला कोयना मिळते, सांगलीजवळ वारणा. दोघीही सह्याद्रीच्या कुशीतून येणाऱ्या, आणि दोघींवर धरणं. कृष्णेचं माहेर पावसाळी आहे. मांजरेचं माहेरच कोरडं. ती बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात बालाघाटावर उगम पावते, म्हणजे पर्जन्यछायेतच जन्मते आणि पर्जन्यछायेतच वाढते. तेरणा, तावरजा, घरणी, मन्याड, लेंडी या तिच्या उपनद्याही त्याच पठारावरच्या. सह्याद्रीवरून पाण्याचा एक थेंब तिच्यात येत नाही. ७२४ किलोमीटर वाहून कर्नाटक आणि तेलंगणातून वळसा घेत ती गोदावरीला उजव्या बाजूने मिळते. लांबी भरपूर, पाणी बेताचं. त्यामुळे मराठवाड्यात दोन वर्षं पाऊस हुकला की नदीकडे दुसरा आधारच राहत नाही. २०१४ आणि २०१५ मध्ये लागोपाठ तसंच झालं, मराठवाडा उपविभागात दोन्ही वर्षी पाऊस सरासरीपेक्षा ४० टक्क्यांच्या आसपास कमी. त्यातलं २०१५ हे तीव्र एल निनोचं वर्ष, म्हणजे पॅसिफिक महासागराचं पाणी तापून आपला मान्सून कमजोर पडतो तसं.

जमिनीखाली तरी काय? बेसाल्ट. दख्खनच्या पठाराचा हा काळा खडक पाणी धरतो तो वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. गाळाच्या मैदानासारखी साठवण त्याच्यात नाही. शेकडो फूट बोअर मारल्यावर जे मिळतं ते एखाद्या भेगेत अडकलेलं जुनं पाणी, आणि ते उपसलं की पुन्हा भरायला कित्येक पावसाळे लागतात. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात अधिसूचित क्षेत्रांत ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई आहे. दुष्काळी पट्ट्यातल्या बोअरच्या गाड्यांवर ती किती लागू पडली, हे कुठल्याही ढाब्यावर चहा पिताना कळतं.

धरणात किती होतं आणि किती लागतं

मांजरा धरण म्हटलं की विद्यार्थी लातूर जिल्हा लिहितात. धरण आहे धनेगावला, केज तालुक्यात, बीड जिल्ह्यात. चुकीचा पर्याय म्हणून ‘लातूर’ नेहमी दिलेला असतो, आणि तो निवडणारे दरवर्षी भेटतात.

या धरणाचा उपयुक्त साठा सुमारे १७७ दशलक्ष घनमीटर, म्हणजे दलघमी. टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत सांगायचं तर सव्वासहा, कारण १ टीएमसी म्हणजे २८.३ दलघमी. हा रूपांतराचा आकडा अंगवळणी पडलेला असावा. वर्तमानपत्र एक एकक वापरतं, अहवाल दुसरं, आणि टँकरवाला लिटरमध्ये बोलतो. १ दलघमी म्हणजे १०० कोटी लिटर.

लातूरच्या माणसाला रोजचे १३५ लिटर पूर्ण दिले तर शहराला दिवसाला ५ कोटी १७ लाख लिटर लागतात. वर्षाला जवळपास १९ दलघमी. म्हणजे एकदा काठोकाठ भरलेलं मांजरा धरण या शहराला कागदावर नऊ वर्षं पुरायला हवं. बाष्पीभवन आहे, गळती आहे, त्याच धरणावर दुसऱ्या गावांच्या योजना आहेत. निम्मं तसंच गेलं समजा. तरी चार वर्षं.

आणि मार्च २०१६ मध्ये धरण कोरडं होतं. शहराला महिन्यातून एखाद्या वेळी पाणी येत होतं, पाण्याच्या टाक्यांभोवती कलम १४४ लावून जमावबंदी करावी लागली होती. भांडी घेऊन पाच माणसं एकत्र जमली तर तो गुन्हा.

परीक्षेच्या भाषेत इथे दुष्काळाचे तीन प्रकार वेगळे करता येतात. पाऊस सरासरीपेक्षा कमी पडणं हा हवामानशास्त्रीय दुष्काळ. पिकाला लागेल तेव्हा जमिनीत ओल नसणं हा कृषी दुष्काळ. धरणं, विहिरी, नद्या आटणं हा जलशास्त्रीय दुष्काळ. पहिला आभाळातून येतो. तिसऱ्यात माणसाचा हात असतो, आणि लातूरची बातमी तिसऱ्या प्रकाराची होती.

अठरा पोती साखर

पाटपाण्यावर एक हेक्टर ऊस काढायला साधारण २५ हजार घनमीटर पाणी धरतात. जमिनीनुसार, लागण आडसाली (दीड वर्षाची) की सुरू (वर्षभराची) यानुसार ते कमी-जास्त होतं, ठिबकावर बरंच वाचतं. पण २५ हजार घनमीटर म्हणजे काय ते डोळ्यांसमोर आणा: हेक्टरभर रानात अडीच मीटर उंच पाणी. आभाळ त्यातलं पाऊण मीटर देतं, तेही बऱ्या वर्षी. उरलेलं धरणाने, नदीने नाहीतर बोअरने द्यायचं.

५० वाघिणींची जलदूत आणत होती २५ लाख लिटर, म्हणजे २,५०० घनमीटर. हेक्टरच्या दहाव्या हिश्शाचं पाणी. दहा गुंठे ऊस.

दहा गुंठ्यांत हेक्टरी ८० टनांच्या हिशेबाने ८ टन ऊस निघतो, ११ टक्के उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, धरला तर ८८० किलो साखर. पन्नास किलोची साडेसतरा पोती, अठरा म्हणू. अख्खी मालगाडी, दोन इंजिनांचे चालक, मिरजेपासूनचे पोलीस, स्थानकावरचे कॅमेरे, आणि पलीकडच्या पारड्यात एका टेम्पोत मावतील एवढी पोती.

ऑगस्टपर्यंत गाडीच्या शंभरावर फेऱ्या झाल्या आणि एकूण २५ कोटी लिटरच्या आसपास पाणी आलं. दलघमीत ते ०.२५ भरतं. मांजराच्या उपयुक्त साठ्याचा सातशेवा भाग, किंवा दहा हेक्टर उसाचं एका वर्षाचं पाणी. दहा हेक्टर म्हणजे पंचवीस एकर. धरणाच्या लाभक्षेत्रात एका मोठ्या खातेदाराचं रान. भरलेल्या धरणाचं सगळं पाणी उसाला दिलं तर सात हजार हेक्टरांची एका वर्षाची सोय होते. तेच पाणी शहराला नऊ वर्षं. संधी खर्च, म्हणजे एक पर्याय निवडताना सोडावा लागलेला दुसऱ्याचा लाभ, या संकल्पनेचं याहून नेमकं उदाहरण पाठ्यपुस्तकात नाही, आणि तरीही आपण तिथे अजून गहू आणि कापड घेऊन बसतो.

पैशातही बघू. मे २०१६ मध्ये रेल्वेने तोवर पोचवलेल्या सुमारे ६ कोटी २० लाख लिटरपोटी ४ कोटी रुपयांच्या आसपास बिल पाठवलं होतं. त्यावरून गदारोळ झाला तो सोडा; हिशेब हजार लिटरला साधारण ६४५ रुपये पडतो. आता उसाकडे या. २०१५-१६ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे रास्त व किफायतशीर दर, ९.५ टक्के उताऱ्याला क्विंटलला २३० रुपये होती. हेक्टरी ८० टनांचे १ लाख ८४ हजार. २५ हजार घनमीटरने भागा: हजार लिटर पाण्यामागे सव्वासात-साडेसात रुपये, तेही एकूण उत्पन्नाचे, खर्च वजा जाता हातात येणारे त्याहून कमी. सात रुपयांना विकलेलं पाणी साडेसहाशेला परत आणलं.

यात शेतकऱ्याला खलनायक करणं सोपं आहे, आणि चूकही. त्याच्या जागी बसून बघा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपिटीने रब्बी झोपवली. तुरीचं गणित त्याहून वेडंवाकडं. २०१५ मध्ये डाळीचे भाव दोनशे रुपये किलोपर्यंत गेले, सगळीकडे तूर पेरली गेली, देशाचं उत्पादन २०१५-१६ च्या सुमारे २५.६ लाख टनांवरून २०१६-१७ मध्ये ४८.७ लाख टनांवर पोचलं आणि भाव क्विंटलला ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली कोसळला. हमीभाव जाहीर असणं आणि हमीभावाने खरेदी होणं यांतलं अंतर त्या वर्षी खरेदी केंद्राबाहेरच्या रांगेत उभं राहिलेल्या प्रत्येकाला कळलं. उसाचं तसं नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार कारखान्याने १४ दिवसांत पैसे द्यायचे, घेणारा ठरलेला, तोडणीची टोळी कारखान्याची, गारा-वाऱ्यात पीक उभं राहतं, एका लागणीवर खोडवा (तोडलेल्या खोडातून पुन्हा येणारं पीक) मिळतो, बँक कर्ज देते. पैसे थकतात, कारखाने रडवतात, हे खरं. तरी जोखमीचा विचार करणारा शहाणा माणूस ऊसच लावेल.

परीक्षार्थी इथे अजून एक घोळ घालतात. एफआरपी आणि हमीभाव या दोन्हींची शिफारस कृषी मूल्य व खर्च आयोग करतो (स्थापना १९६५, आताचं नाव १९८५ पासून). पण एफआरपी कारखान्यावर बंधनकारक आहे, तर हमीभाव खासगी व्यापाऱ्यावर कायद्याने बंधनकारक नाही. पीकरचना या एका फरकातून घडते. पाण्याला शेतात जवळजवळ किंमत नाही, उसाला कायद्याचा दर आहे, डाळीला नशिबाचा. अशा तीन किमती एकत्र आल्या की कमी पावसाच्या पठारावर सर्वांत तहानलेलं पीक येणं हा अपघात राहत नाही.

धोक्याची सूचना कुणी दिली नव्हती असंही नाही. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाने १९९९ मध्येच तुटीच्या खोऱ्यांतल्या उसाबद्दल स्पष्ट बजावलं होतं. राज्याच्या लागवडीखालच्या क्षेत्रात चार टक्क्यांच्या आसपास असलेला ऊस सिंचनाच्या पाण्यातला दोन तृतीयांशाच्या घरात वाटा घेतो, हा आकडा त्यानंतर शेकडो भाषणांत येऊन गेला. २००५ मध्ये राज्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला, देशातला अशा प्रकारचा पहिला. पाण्याचं हक्कवार वाटप, घाऊक दर, सगळं त्यात आहे.

एप्रिल २०१६ मध्ये चर्चा मात्र दुसऱ्याच पाण्याची रंगली. मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितले. याचिकेत खेळपट्ट्यांसाठी सुमारे ६० लाख लिटर पाणी लागेल असा आकडा होता. आपल्या मापाने तो चोवीस गुंठे ऊस. क्रिकेटला पाणी घालावं असं माझं म्हणणं नाही. तहानलेल्या गावासमोर ते दिसायला वाईटच. पण वाहिन्यांवर आठवडाभर चाललेल्या त्या वादात एकदाही कुणी हा भागाकार केल्याचं मी पाहिलं नाही.

उत्तर लिहिताना

राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यावर अशा प्रकरणांचं वजन वाढलं आहे. ‘मराठवाड्यातील पाणीटंचाई नैसर्गिक की मानवनिर्मित?’ अशा प्रश्नाला ‘दोन्ही’ म्हणून मधोमध उभं राहणारी उत्तरं तपासणाऱ्याने शेकड्याने पाहिलेली असतात. माझा आग्रह असा की निसर्गाचा वाटा आधी मोजून द्यावा: उगमाची जागा, खडक, दोन वर्षांची तूट. मग धरणाची नऊ वर्षं आणि सात हजार हेक्टर हे दोन आकडे शेजारी ठेवावेत. त्यानंतर निष्कर्ष वेगळा लिहावा लागत नाही. उपायांत ठिबक सगळेच लिहितात. ठिबकाने वाचलेलं पाणी धरणात राहतं की त्यावर आणखी दोन एकर ऊस येतो, हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी मला अजून एखाद-दुसराच भेटला आहे. डाळी-सोयाबीनची खरेदी खात्रीची केल्याशिवाय ‘पीक बदला’ हा सल्ला फुकटचा आहे, हेही लिहावं.

पुढचं थोडक्यात. २०१६ चा पावसाळा चांगला झाला आणि हंगामाच्या शेवटी मांजरा धरण भरलं. दुष्काळाने ऊसच न राहिल्यामुळे २०१६-१७ च्या गळीत हंगामात राज्यात साखर ४२ लाख टनांच्या आसपासच झाली. पाणी आलं तसा ऊसही परतला. २०२१-२२ मध्ये राज्याने १३७ लाख टन साखर काढून उत्तर प्रदेशाला मागे टाकलं. त्या हंगामात मे महिना उजाडला तरी मराठवाड्यात ऊस रानात उभा होता, तोडायला टोळ्या नाहीत आणि गाळायला कारखाने पुरत नाहीत अशी अवस्था. तेव्हा सरकारने तो ऊस लांबच्या कारखान्यांना नेण्यासाठी अनुदान जाहीर केलं, ५० किलोमीटरपुढे टनाला दर किलोमीटरमागे ५ रुपये.